न खायच्या माशांची नदी

ट्रेंट हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडतं ते क्रिकेटमुळे. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर २००७ साली आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने दोन डावांत मिळून नऊ बळी घेतले आणि भारत सात गडी राखून जिंकला, एवढी ओळख आपल्याला पुरते. ज्या पुलावरून मैदानाला नाव पडलं तो पूल मैदानाला खेटूनच आहे. त्याखालची नदी रुंद, संथ, काठाला लांबच लांब पायऱ्या बांधलेली आणि हंसांनी भरलेली. हीच नदी पुढे जाऊन दिवसातून दोनदा उलटी वाहू लागते, हे तिथे उभं राहून खरं वाटत नाही.

स्टॅफर्डशायरमधल्या बिडल्फ मूर या माळावर ट्रेंट उगम पावते आणि स्टोक, बर्टन, नॉटिंगहॅम, न्यूअर्क करत जवळपास ३०० किलोमीटर जाऊन ऊझ नदीला मिळते. दोघींची मिळून हंबरची खाडी होते. न्यूअर्कच्या खाली क्रॉमवेल गावाशी एक मोठा बंधारा आहे, त्याला लागून बोटींसाठी लॉक. भरतीची हद्द इथे संपते. बंधाऱ्यापासून हंबरपर्यंतच्या सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्याला गळवाले ‘टायडल ट्रेंट’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणतात.

माझा मामेभाऊ नॉटिंगहॅमला नोकरी करतो. चिपळूणला असताना गोवळकोटच्या धक्क्यावर गरी टाकून बसायचा. तिकडे गेल्यावरही हे वेड सुटलं नाही, फक्त महाग झालं. मी सप्टेंबरअखेर त्याच्याकडे गेलो तेव्हा पुलावरून नदी बघत असताना म्हणाला, “दादा, इथे काय बघतोस? भरतीच्या पाण्यावर चल.”

निघण्याआधी स्वयंपाकघरात तयारी. एका पातेल्यात हेम्पचं बी शिजत होतं. भांगेच्या कुळातलं पण नशा नसलेलं हे काळपट बी फुटून आतला पांढरा कोंब दिसेपर्यंत उकळायचं. पहिल्या महायुद्धात आलेल्या बेल्जियन निर्वासितांनी ते इंग्लंडच्या नद्यांवर आणलं असं सांगतात. मासे त्यावर इतके तुटून पडत की काही क्लबांनी एके काळी त्यावर बंदीच घातली होती. फ्रिजमध्ये दुधाच्या बाटलीमागे वळवळणाऱ्या अळ्यांचा डबा. दुकानात या अळ्या अजूनही पाइंटच्या मापाने विकतात. वहिनीची अट एकच होती, झाकण घट्ट हवं.

कोर्स फिशिंग म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांचीही जातव्यवस्था आहे. सॅमन आणि ट्राउट हे वरचे, ‘गेम फिश’. जमीनदारांच्या राखीव पाण्यातले, कृत्रिम माशीवर धरायचे आणि चवीने खायचे. बाकीचे रोच, ब्रीम, चब, पर्च, पाइक, बार्बेल हे सगळे ‘कोर्स’. ते खाणकामगारांच्या, शेफील्डच्या पोलाद कारखान्यांतल्या मजुरांच्या, नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्यांच्या वाट्याला आले. रविवारच्या आगगाड्या भरभरून ही मंडळी ट्रेंटवर यायची. त्यांची संख्या इतकी वाढली की अंडी घालायच्या दिवसांत माशांना उसंत मिळेना, तेव्हा मागणी याच मजुरांच्या शहरातून आली. शेफील्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांनी १८७८ साली कायदा करून घेतला. तेव्हापासून वसंतात गळ बंद. आज इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स मासे धरायला मनाई आहे आणि १६ जूनची पहाट हा या लोकांचा दसरा असतो.

न्यूअर्कवरून पुढे जाताना नदीकाठी पडक्या किल्ल्याची भिंत दिसते. जॉन राजा ऑक्टोबर १२१६ मध्ये याच किल्ल्यात वारला. त्याआधी काही दिवस वॉश या उथळ खाडीतून जाताना त्याचं सामानसुमान भरतीच्या पाण्याने गिळलं होतं. वर्षभर आधी सरदारांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला होता. इंग्लंडच्या न्यायालयांनी पुढे त्यावरून असा अर्थ लावला की भरतीच्या पाण्यातली मासेमारी राजाला कोणा एकाच्या नावाने नव्याने करून देता येणार नाही. ते पाणी सगळ्यांचं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मासेमारीचा हक्क काठाच्या मालकाचा, खालच्या अंगाला तो तत्त्वतः प्रजेचा. तत्त्वतः एवढ्यासाठी की पाणी प्रजेचं असलं तरी काठावरचं कुरण शेतकऱ्याचं असतं आणि तिथे पोचायला कुठल्या तरी क्लबाचं दिवसाचं तिकीट घ्यावंच लागतं. शिवाय सरकारी पर्यावरण खात्याचा गळपरवाना वेगळा. तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो लागतो, नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. आठशे वर्षांचा हक्क आणि दोन पावत्या खिशात घेऊन आम्ही कॉलिंगहॅमच्या बाजूने कुरणात शिरलो.

बंधाऱ्याचा आवाज बराच आधी येतो. पाणी रुंद पट्टीवरून खाली कोसळतं आणि खाली फेसाचे भोवरे. २८ सप्टेंबर १९७५ च्या रात्री सरावासाठी बोटीतून निघालेले दहा सैनिक या बंधाऱ्यावर बुडाले. काठावर त्यांचं स्मारक आहे. मामेभाऊ एरवी बडबड्या, पण या जागेबद्दल एकच वाक्य बोलला, “इथे गळ टाकायचा नाही, पायही टाकायचा नाही.” आम्ही चांगलं मैलभर खाली गेलो.

या पट्ट्यात समुद्राचं खारं पाणी येत नाही. नदी वाढते, थांबते, क्वचित मागे सरते, पण ते पाणी तिचंच असतं, गोडं. खाली हंबरात भरती चढली की नदीला जायला वाट उरत नाही आणि ती मागे तुंबते. चिपळूणकरांना हे समजावून सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर आणि खाडीची भरती एकमेकांसमोर आले तेव्हा काय झालं ते आम्ही माळ्यावर बसून पाहिलं आहे. ट्रेंटवर हेच रोज, बेताने, वेळापत्रकानुसार घडतं. पाणी गोडं असल्यामुळे रोच, ब्रीम, बार्बेल यांना ते मानवतं, आणि रोजच्या चढउतारामुळे त्यांना जेवणाच्या वेळा लागलेल्या असतात.

म्हणून टायडल ट्रेंटवरचा माणूस आधी भरतीचा तक्ता उघडतो, मग हवामान बघतो, मग आमिष. हल बंदराची भरतीची वेळ घ्यायची आणि आपल्या जागेपर्यंत ती पोचायला किती तास लागतात ते मिळवायचे. हा हिशोब जागेगणिक वेगळा. वर जावं तसा चढ थोडक्या वेळात उरकतो आणि ओहोटी लांबत जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात क्रॉमवेलपर्यंत पाण्याची पातळी हलते. अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीत वरच्या अंगाला फारसं काही कळतही नाही. त्यात वर पाऊस झालेला असेल तर नदीचा लोंढा भरतीला दाबून टाकतो आणि तक्ता खोटा ठरतो. भरती-ओहोटीवर वाढलेल्या माझ्यासारख्यालाही हा तिहेरी हिशोब पहिल्या दिवशी झेपला नाही.

काठावर सामान मांडायची रीतही भरतीने ठरवली आहे. पिशव्या, डबे, खुर्ची सगळं उताराच्या वर, कारण पाणी आवाज न करता चढतं. चढून उतरलं की मागे राहतो तो चिखल, गुडघाभर आणि साबणासारखा निसरडा. गळाच्या काठ्या आडव्या न ठेवता जवळजवळ उभ्या लावतात, म्हणजे दोरीचा कमीत कमी भाग प्रवाहात राहतो. वाहून येणारं गवत नाहीतर दोरीवर साचून सगळं ओढून नेतं. तळाशी आमिष टिकावं म्हणून फीडर वापरतात. फीडर म्हणजे बोटभर लांबीचा जाळीचा पिंजरा, एका बाजूला वजन. त्यात हेम्प, अळ्या आणि माशांच्या भुकटीच्या गोळ्या दाबून भरायच्या, पिंजऱ्यापासून हात-दीड हात अंतरावर गळ, आणि गळाला केसासारख्या बारीक दोऱ्याने अडकवलेली गोळी. शंभर ग्रॅमांच्या आसपास वजन इथे किरकोळ समजतात. सुमारे २८ ग्रॅमांपर्यंतच्या शिशाच्या छोट्या वजनांवर मात्र १९८७ पासून बंदी आहे. काठावर सांडलेल्या गोळ्या गिळून हंस मरत होते. ट्रेंटवर आज इतके हंस दिसतात याचं एक कारण ही बंदी आहे, आणि ते कधी कधी नेमके आपल्या दोरीवरूनच पोहत जातात हा तिचा दुष्परिणाम.

सकाळभर ओहोटी होती. काठीचं टोक प्रवाहाच्या ताणाने वाकलेलं, अधूनमधून एखादा ब्रीम. ब्रीम म्हणजे ताटाएवढा, चपटा, शेवाळी, आणि ओढताना फारसा विरोधही न करणारा मासा. दुपारनंतर फेसाचा एक पुंजका आमच्यासमोरून जाता जाता रेंगाळला. मग थांबला. काठीचं वाकलेलं टोक हळूहळू सरळ झालं. पाण्यावरची विलोची पानं जागच्या जागी फिरली आणि अगदी आळसात वरच्या दिशेने निघाली. कुठलाही आवाज नाही, लाट नाही. आमच्या बुटांपासून हातभर खाली असलेला दगड पाण्याखाली गेला तेवढीच खूण. शेजारच्या जागेवर शेफील्डहून आलेले एक निवृत्त खाणकामगार आजोबा होते. त्यांनी थर्मास बंद केला, ताजं आमिष भरलं आणि गळ टाकून काठीजवळ सरसावून बसले. पाणी स्थिर असताना मासे इकडेतिकडे फिरतात आणि खरं खाणं ओहोटी पुन्हा धरते तेव्हा, तळावरचं अन्न हलू लागलं की सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. दुसरा एखादा गळवाला याच्या नेमकं उलट सांगेल.

आजोबांचं म्हणणं त्या दिवशी तरी खरं ठरलं. पाणी परत खाली धावू लागलं आणि त्यांची काठी नुसती हलली नाही, मुळापासून वाकली. बार्बेल असाच लागतो. तळाला चिकटून राहणारा, लांब, नुसता स्नायू असलेला मासा. प्रवाहात आडवा झाला की माणसाचे हात भरून येतात. जाळ्यात आला तेव्हा मी वाकून नीट बघितला. ब्राँझच्या भांड्याचा रंग, पोटाकडे फिकट, पंखांवर केशरी-तांबूस झाक. तोंड खालच्या बाजूला आणि ओठांवर चार मिशा, त्यांनीच तो तळावरचं खाणं चाचपतो. पाठीच्या पंखाला पुढे करवतीसारखा दातेरी काटा, तो हमखास जाळीत अडकतो आणि सोडवायला धीर लागतो. तोंडातला गळ ओल्या मऊ गादीवर मासा ठेवून काढला. वजन पौंड आणि औंसांतच. सगळा देश किलोवर गेला तरी गळवाले जाणार नाहीत. अकरा पौंड भरला. फोटो झाला. मग आजोबांनी तो जाळ्यासकट पुन्हा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून. बार्बेल दम संपेपर्यंत झुंजतो. लगेच सोडला तर उलटा होऊन बुडतो. कल्ल्यांची उघडझाप संथ झाली, त्याने शेपटी झटकली, तसे आजोबांनी हात काढून घेतले.

मी मासे खाणाऱ्या मुलखातला. अकरा पौंडांचा जिवंत मासा काठाला आणून परत सोडलेला बघणं जड गेलं. संध्याकाळी फोनवर मामीला सांगितलं तर ती म्हणाली, “सोडायचाच तर धरायचा कशाला? निदान गाभोळी तरी काढून घ्यायची.” गाभोळी तर मुळीच नाही, बार्बेलची अंडी विषारी असतात, खाल्ली तर ओकाऱ्या-जुलाब ठरलेले. मांसही काटेरी आणि बेचव म्हणतात. पण खरं कारण कायद्यात आणि रिवाजात आहे. नियमाने नदीतून दिवसाला काही थोडे लहान मासे नेता येतात, मोठा बार्बेल नाही; ईल लागला तर तो सोडावाच लागतो. आणि जे नेता येतात तेही कोणी नेत नाही. नेणाऱ्याकडे शेजारी ज्या नजरेने बघतात ती दंडापेक्षा कडक असते.

बार्बेल हा आपल्या महसीरचा कुळबंधू, दोघेही कार्पच्या कुळातले. कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरची शास्त्रीय नोंद १८३९ साली केली. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून महसीरला आजही कोणी हात लावत नाही. तेव्हा मोठा मासा पाण्यातच राहू द्यायची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. फरक असा की वाळण कोंडीत पहारा देवीचा आहे आणि ट्रेंटवर गळवाल्यांचा.

हा पहारा नुसता भावनेचा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ट्रेंटचे हाल होते. स्टोकच्या कुंभारभट्ट्या, बर्मिंगहॅमचं सांडपाणी घेऊन येणारी टेम नदी, शहरोशहरीचे कारखाने; वरच्या लांब पट्ट्यांत मासाच उरला नव्हता. ट्रेंटला मिळणाऱ्या डरवेंट नदीवर डर्बीच्या एका गळ क्लबाने थेट न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी तिघे होते, ब्रिटिश सेलानीज हा कृत्रिम रेशमाचा कारखाना, डर्बीची नगरपालिका आणि सरकारी वीजमंडळ. कारखान्याची घाण, शहराचं मैलापाणी आणि वीजकेंद्राचं गरम पाणी यांनी मासे मारले, अशी तक्रार. अपील न्यायालयाने १९५२ च्या शेवटी क्लबाच्या बाजूने निकाल दिला आणि मनाईहुकूम कायम केला. रविवारी अळ्या घेऊन नदीवर बसणाऱ्या माणसांनी नगरपालिका आणि सरकारी मंडळ दोघांना एकाच खटल्यात हरवलं, आणि इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून शिकवतात. आपल्याकडे नदीसाठी याचिका करणारे आहेत, पण त्यांच्यामागे नदीवर रोज बसणाऱ्यांची अशी फौज क्वचितच असते. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत हेवा वाटला तो याचा.

गंमत अशी की पुढे गरम पाण्याचंच ट्रेंटला वेड लागलं. भरतीच्या पट्ट्यात हाय मार्नहॅम, कॉटम, वेस्ट बर्टन अशी कोळशाची वीजकेंद्रं उभी राहिली. त्यांचं कोमट पाणी नदीत यायचं आणि कडाक्याच्या थंडीतही मासे खात राहायचे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथल्या स्पर्धांना शेकडो माणसं काठावर ओळीने बसायची. आता तिन्ही बंद आहेत. नॉटिंगहॅमच्या वरचं रॅटक्लिफ ३० सप्टेंबर २०२४ ला थांबलं आणि ब्रिटनमधली कोळशाची वीज संपली. पाणी थंड झालं आणि स्वच्छही झालं. स्वच्छ पाण्यात छोटे मासे पाणकावळ्यांना चटकन दिसतात, त्यामुळे रोच घटले, अशी जुन्या लोकांची कुरकुर. बार्बेल मात्र वाढला. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनला सरकारी मत्स्यशाळा आहे. परवान्याच्या पैशातून तिथे बार्बेल, चब, रोच वाढवून नद्यांत सोडतात.

दुसऱ्या दिवशी गळ घरीच ठेवून आम्ही गाडीने खाली गेलो. डनहॅमला १८३२ पासूनचा टोलपूल आहे आणि टोल अजून चालू आहे; हे वाचून आपल्या वाचकांना बरं वाटेल. टोर्क्सीला व्हायकिंग सैन्याने ८७२ चा हिवाळा तळ ठोकून काढला. तिथून गेन्सबरो. इथे नदी साफ बदलते. पाणी चहाच्या रंगाचं, काठ चिखलाचे, भरती दांडगी. फ्लाउंडरसारखा समुद्री चपटा मासाही इथे गळाला लागतो. शतकापूर्वीपर्यंत या भागातले शेतकरी हे गढूळ भरतीचं पाणी चर खणून मुद्दाम शेतात घ्यायचे आणि गाळ बसला की सोडून द्यायचे. आपण खारबंदिस्ती बांधून जे बाहेर ठेवतो ते त्यांनी खत म्हणून वापरलं.

गेन्सबरोची खरी ओळख म्हणजे एगर. विषुवदिनांच्या सुमाराच्या मोठ्या उधाणात भरती सरळ भिंतीसारखी नदीत शिरते, कधी कधी दीड मीटरपर्यंत उंच. जॉर्ज एलियटच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’ कादंबरीतलं गाव याच गावावरून घेतलेलं आहे. डॅनिश राजा स्वेन याने १०१३ साली इथे तळ दिला. लाटेला थांबण्याचा हुकूम देणारा कॅन्यूट राजा हा त्याचाच मुलगा, आणि ती गोष्ट समुद्रावर नव्हे तर आमच्या धक्क्यावर घडली असं गेन्सबरोकर ठासून सांगतात. आम्ही १७९१ च्या दगडी पुलाजवळ उभे राहिलो. तक्त्यातल्या वेळेला एगर आली, पण गुडघाभरच. काठाला घासत एक करकरीत आवाज करत गेली आणि तिच्यामागे सगळी नदी उलटी वाहू लागली. वरून आलेलं ओंडक्याचं एक धूड आमच्यासमोरून खाली गेलं होतं, तेच परत वर गेलं.

जायचं असेल तर लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून न्यूअर्क दीड तासाच्या आत येतं. परवाना एका दिवसाचाही मिळतो, तिकीट गावातल्या गळसामानाच्या दुकानात विचारा, आणि तिथल्याच माणसाला भरतीची वेळ विचारा. तो तक्त्यापेक्षा बरोबर सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, एगर बघायची असेल तरीही तेच दिवस. उंच बूट न्या, एकट्याने चिखलात उतरू नका, बंधाऱ्यापासून लांब बसा. १५ मार्च ते १५ जून या काळात गेलात तर नदी बघायला मिळेल, गळ टाकता येणार नाही.